सदतीस नंबरची झोप

१

कौलापेठ टेलिफोन एक्स्चेंजच्या महादेवराव ठवकरांना या भानगडीत काय मिळणार होतं, त्याचा हिशोब आधी करून टाकू.

एक, हाताची खुर्ची. सध्याच्या खुर्चीला हात नव्हते, आणि दुपारी डुलकी लागली की महादेवराव डावीकडे कलत. दोन, टेबलावर दाबायची घंटी आणि ती ऐकायला एक चपराशी. तीन, साडूचं तोंड बंद. साडू नागपूरच्या सदर भागातल्या मोठ्या हापिसात हेडक्लार्क. त्याच्या खुर्चीला बारा वर्षांपासून हात होते, आणि दर दिवाळीला तो फराळाचं ताट पुढ्यात ओढत विचारायचा, "मग महादेवराव, अजून कौलापेठच का?" तीनही गोष्टी तराजूत घातल्या तर तिसरीचं पारडं जमिनीला टेकलं असतं.

हे सगळं मिळायचं होतं चौथ्या शेकड्याबरोबर.

अठ्ठ्याहत्तर साली नागपुरात टेलिफोनचा नंबर म्हणजे काही बाजारातलं संत्रं नव्हतं. नंबरांचं कोठार सदरच्या मोठ्या हापिसात. तिथून पेठापेठांच्या एक्स्चेंजांना शंभर-शंभराच्या थप्पीनं नंबर मिळायचे. एका थप्पीतले ऐंशी नंबर लोकांच्या घरात वाजू लागले की पुढची थप्पी मागायची. उरलेल्या विसांतले पाच बदलीसाठी, पंधरा राखीव. सरकारी दवाखाना, पोलीस, अचानक बिघडलेली लाइन, यांच्यासाठी. त्यांना प्रत्यक्ष साहेबाच्या सासऱ्यासाठीही हात लावायचा नाही.

आणखी एक नियम होता. कोणी फोन परत केला तर त्याच्या नंबरला सहा महिने झोपू द्यायचं. झोपलेला नंबर दिलेल्यात धरायचा नाही आणि शिलकीतही धरायचा नाही. कारण माणूस गेला, घर सोडलं, तरी त्याला फोन करणारे थांबत नाहीत. हा नियम ज्यानं केला त्याला यंत्रं किती कळत होती माहीत नाही, माणसं मात्र कळत होती.

तर फेब्रुवारीत महादेवरावांनी कळवलं, तिसऱ्या शेकड्यातले ऐंशी वाजून राहिले, चौथा द्यावा. नेमका त्याच आठवड्यात कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीनंही शेकडा मागितला. कोठारात उरला होता एकच. पुढचं यंत्र येईपर्यंत दोन-तीन वर्षं दुसरा मिळणार नव्हता. म्हणून सदरनं खातरी करायची ठरवली. तिथल्या कारकुनानं मंगळवारी कौलापेठचे ऐंशीच्या ऐंशी नंबर फिरवले. एकोणऐंशींनी "हॅलो" म्हटलं. एकानं म्हटलं नाही. कारकुनाचा कान तापेस्तोवर तो नुसता वाजत राहिला.

शेवटचे दोन आकडे सदतीस. दसऱ्यापासून त्या नंबरावरून एकही कॉल लागलेला नव्हता. फोनधारक मनोहरराव घाटोळे. ते गणपतीत वारले होते आणि दसरा झाल्यावर त्यांच्या बायकोनं फोन परत केला होता.

सदतीस नंबर झोपलेला असायला हवा होता. तो वाजत होता. कोणाच्या घरात, ते शनिवारपर्यंत सांगायचं होतं. नाही सांगता आलं तर शेकडा कळमेश्वरला.

२

चौकशीला सदरहून मधुकरराव बोकारे आले. अंगानं किडकिडीत, पोटानं नाजूक, डब्यात मुगाची खिचडी. माणूस ओळखायची त्यांची एक स्वतःची रीत होती. निर्दोष माणूस तुम्ही बसताच चहा विचारतो, आणि ज्याच्या मनात काही आहे तो प्रश्नाच्या मध्येच चहा काढतो. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत ही रीत चुकली नाही, असं ते सांगत. चुकली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं नसेल, असं त्यांची बायको सांगे.

महादेवरावांनी बसताच चहा मागवला.

"मी रॅकवर मोजले साहेब," ते म्हणाले. "मागच्या बाजूनं तार जोडलेली दिसली की नंबर चालू. अठरा वर्षं झाली, असंच मोजून राहिलो."

"एकदा वाजवून पाहायचे."

"लोकाइले काहून त्रास द्या? कोणी जेवत राहते, कोणी पूजेत राहते."

"आणि सदतीसची तार जोडलेली होती?"

"आहे ना. अजूनही आहे. फोन परत आला तवा काढायची राहून गेली असन." महादेवरावांनी आपल्या बिनहाताच्या खुर्चीकडे पाहिलं. "साहेब, सगळे म्हणून राहिले का महादेवरावानं खुर्चीसाठी भूत मोजलं. मले खुर्ची पाहिजे, खोटं नाही सांगत. पण भुताच्या मांडीवर बसून नाही पाहिजे."

मधुकररावांना हे वाक्य आवडलं. पण आवडलेल्या वाक्यांवर त्यांनी कोणाला सोडलं नव्हतं. त्यांनी विचारलं, चौथा शेकडा आला तर पहिले फोन कोणाला?

पहिलं नाव जयवंता रामटेके, खासगी प्रसूतिगृह. सहा वर्षांपासून रांगेत. दुसरं भैय्याजी, संत्र्यांचे आडते, पाच वर्षांपासून.

"आणि चोरून जोडणी घेतलेली सापडली तर?"

"त्याचं नाव रांगेतून कटते. कायमचं. मंग म्हातारं होईपर्यंत हॅलो नाही."

भैय्याजींच्या गाळ्यात शिरताच मधुकरराव थबकले. गादीवर लोडाला टेकून भैय्याजी फोनवर बोलत होते. काळाकुळकुळीत फोन. समोर काटोलकडचे दोन बागवाले मान खाली घालून ऐकत होते.

"हां भाई, बंबई? भाव बोलो. नाही, इतक्यात नाही जमत. हां. ठीक. भेजता हूँ."

बागवाले उठून गेले. मधुकरराव गादीवर टेकले आणि सहज फोनच्या दोरीवरून बोट फिरवत गेले. दोरी टेबलाच्या कडेपर्यंत आली, खाली उतरली आणि खणात शिरली. खणात दोरीचं टोक होतं. टोकाला गाठ.

"साहेब," भैय्याजी खालच्या आवाजात म्हणाले, "जुन्या बाजारातून आणला. फोनवाल्या आडत्याले शेतकरी माल देते, बिनफोनवाल्याले नाही. पाच वर्षं झाले नंबर लावून. तवरिक असंच बोलून राहिलो."

"बंबई काय म्हणते?"

"काय म्हणन? माही एकूण एक गोष्ट मानते." त्यांनी संत्र्यांची टोपली पुढे सरकवली. "चहाबिहा?"

ही टोपली आधी, चहा नंतर. मधुकररावांच्या रीतीत याला खानाच नव्हता. त्यांनी दोन संत्री खाल्ली, आणि ज्याला सदतीस मिळाला असता तो गाठीशी कशाला बोलत बसेल, असा विचार करत बाहेर पडले.

जयवंताबाईंकडे पोचेपर्यंत पाच वाजत आले होते. दोन खोल्या, सहा खाटा, भिंतीवर शांत बसलेला बुद्ध आणि त्याच्या शेजारी बाळंतिणींच्या आहाराचा तक्ता. बाई पन्नाशीच्या, पांढरं लुगडं, पदर खोचलेला. दाराशी खिळ्याला कातडी बॅग टांगलेली, पट्टा बाहेरच्या बाजूला, जाता जाता हाताला लागावा असा.

चहा त्यांनी विचारला नाही. मधुकररावांनी मनात टीप केली.

"सिस्टर, तुमचं नाव रांगेत पहिलं. हा शेकडा गेला तर?"

"तं अजून तीन वर्षं." बाई खाटेवरची चादर ताणत म्हणाल्या. "फोन मले बोलायसाठी नाही पाहिजे साहेब. बाई अडते, घरचा माणूस सायकल काढून इकडे येते, मी तवा दुसरीकडे गेलेली. तो तिकडे जाते, मी इकडे येते. यात जो वेळ जाते त्याची भरपाई कोणाच्याच हातात नाही."

"सदतीस नंबराबद्दल काही ऐकलं होतं?"

बाई उत्तर देणार तेवढ्यात आतल्या खोलीत कुठंतरी घंटी वाजली. एकदा, पुन्हा एकदा, आणि थांबली.

"चहा घेता ना?" बाई उठल्या.

"घंटी कशाची?"

"वाफेच्या डब्याची. अवजारं उकळली का वाजते."

चहा आला. चांगला होता, आलं घातलेला. मधुकररावांनी तो संपवला, पण मनातल्या टिपेखाली जाड रेघ ओढली. प्रश्नाच्या ऐन मध्ये चहा. आणि आतल्या खोलीत चूल विझलेली त्यांना दारातून दिसली होती. बाईंनी चहा स्टोव्हवर केला होता. मग उकळत काय होतं?

३

गुरुवारी सकाळी त्यांनी लाइनमन लहानूला बरोबर घेतलं. लहानू पंचावन्नचा, पाय धनुकलीसारखे वाकलेले, खांबावर मात्र खारीसारखा. कोपऱ्यावरच्या टपरीपाशी येताच, मधुकररावांनी तोंड उघडायच्या आत, त्यानं दोन चहा सांगितले आणि पैसे देऊनही टाकले. मधुकररावांनी त्याला तिथल्या तिथे निर्दोषांच्या खान्यात बसवला.

"घाटोळ्यांचा फोन तूच काढला?"

"हाव साहेब. फोन काढला, जमा केला."

"आणि एक्स्चेंजमधली तार?"

"राहून गेली." लहानूनं बशीत पाहत म्हटलं. "माणूस म्हातारा होते साहेब, राहून जाते."

घाटोळ्यांच्या अंगणात मनोहररावांच्या पत्नी इंदूबाई खाटेवर मूगवड्या घालत होत्या. बैठकीच्या भिंतीत कोनाडा होता. फोन होता तिथे आता पणती होती आणि मागच्या चुन्यावर फोनच्या आकाराचा स्वच्छ डाग.

"परत काहून केला काकू?"

"मले कोण फोन करते? सगळे त्याइले करत." इंदूबाईंनी बोटानं वडीची टोकं ओढली. "आन करत म्हणजे तरी काय. रामाजी भाऊजी तं बोलत पण नव्हते. सदरले राहते ते, यांचे शाळेपासूनचे दोस्त. रोज संध्याकाळी पाचले दोन घंट्या द्यायचे आन ठेवून द्यायचे. म्हणजे निघालो, तू चपला घाल. मंग दोघं तलावाकडे फिराले. उचलला का पैसे पडते ना. अकरा वर्षं फोन होता, भाऊजीनं एका कॉलचे पैसे नाही भरले. हे पण तसेच. वाजला का नुसते हासायचे आन चपला शोधायचे."

पदरानं डोळे पुसून त्यांनी वर पाहिलं आणि सूर बदलला. "ये लहानू, तो पतंग काढ ना गा. संक्रांतीपासून लटकून आहे. पोट्टे दगडं मारते, माहे दोन कौलं फुटले."

मधुकररावांनी वर पाहिलं. अंगणावरून एक काळी तार गेली होती. तिला फाटका लाल पतंग अडकला होता. तार पुढे निंबाच्या गर्दीत शिरत होती.

"काढतो काकू," लहानू म्हणाला.

"महिना झाला, काढतोच म्हणून राहिला. इतका खांबावर चढणारा माणूस, अन् पतंगाले भेते."

लहानू हसला नाही. मधुकररावांना त्या वेळी त्याचं काही वाटलं नाही. ते मनात घड्याळ पाहत होते. पाच वाजता, दोन घंट्या.

४

त्या दिवशी पाचला पाच मिनिटं असताना मधुकरराव एक्स्चेंजच्या रॅकसमोर स्टूल टाकून बसले. शेजारी महादेवराव. यंत्रांची खटखट चालू होती. गावभरचे लोक एकमेकांना हाका मारत होते.

"यातला सदतीस कोणता?"

महादेवरावांनी बोट ठेवलं. धूळ बसलेला, गप्प.

"साहेब, माहं ऐका. भूतबीत काही नसन. मांजर तारेवर..."

खट्.

बोट ठेवलेल्या जागी पातं उचललं गेलं. आत कुठंतरी घंटीचा प्रवाह घूं करून गेला. थांबला. पुन्हा घूं करून गेला. मग पातं खाली पडलं आणि सदतीस परत झोपला.

महादेवरावांनी हात जोडले. कोणत्या देवाला ते त्यांचं त्यांनाही ठरवता आलं नसावं. "मनोहरराव भला माणूस होता," ते पुटपुटले. "त्यानं असं नव्हतं कराले पाहिजे."

मधुकररावांनी मात्र काल आल्याचा चहा प्यायला होता, आणि तो त्यांना आत्ता पुन्हा आठवला. घशाला नव्हे, कानाला.

५

रामाजी कोलते सदरला एका शिंप्याच्या दुकानावर वरच्या खोलीत राहत. बायको नाही, मूल नाही, एक फोन. तो त्यांनी मनोहररावांनी घेतला म्हणून घेतला होता. शुक्रवारी सकाळी मधुकरराव जिना चढून आले तेव्हा म्हातारा पितळी बटणं चकचकीत करत बसला होता.

"हाव, मीच वाजवतो," रामाजी म्हणाले. लपवायचं काही असतं हे त्यांच्या गावीच नव्हतं. "गणपतीत तो गेला. दिवाळी झाली, भाऊबीज झाली. एक दिवस पाच वाजले, हात आपोआप गेला. मले वाटलं आता काही लागत नाही, बंद असन. पण वाजला गा. दोनदा. मी ठेवून दिला."

"कोणी उचललं नाही."

"तो कवा उचलत होता?"

मधुकररावांनी पेन्सिल कानामागं खोचली.

"तेच पाहा ना," रामाजी समजावून सांगायला लागले. "अकरा वर्षं तो वाजला, त्यानं नाही उचलला. आताही वाजते, तो नाही उचलत. माह्या बाजूनं तं काहीच बदललं नाही. तिकडे कोनाडा आहे, फोन आहे, वाजून राहिला. एवढं मले पुरते. इंदूवहिनीले म्हणा, घंटीचा त्रास होत असन तं सांगा, बंद करतो."

खाली शिंप्याचं मशीन चालू झालं. कोनाड्यात पणती आहे, हे मधुकररावांच्या ओठांपर्यंत आलं होतं. त्यांनी ते गिळलं. आधी काम.

"रामाजी, एक करा. आज अकरा वाजता दोन घंट्या द्या."

"अकराले? अकराले तो आंघोळीले जाते गा."

"आजच्या दिवस."

रिक्षा करून ते जयवंताबाईंकडे आले. दारातच उभे राहिले. बाई एका गरोदर बाईची नाडी धरून बसल्या होत्या. त्यांनी मान हलवून बसायला सांगितलं, पण मधुकरराव बसले नाहीत. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले.

आतल्या खोलीत घंटी वाजली. एकदा. पुन्हा एकदा. थांबली.

बाईंनी नाडी सोडली. चपला पायात गेल्या, हात खिळ्याला लागला, बॅग खांद्यावर आली, आणि मधुकररावांना बाजूला सारत त्या पायरी उतरल्या. एवढं होईपर्यंत मधुकररावांना हाक मारायचंही सुचलं नाही.

"सिस्टर," ते मागून म्हणाले, "थांबा. कोणी अडलेलं नाही."

बाई रस्त्यात थांबल्या. वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली, मग सगळं कळल्याचं दिसलं.

"मंग वाजवली कोणं?"

"रोज पाचला वाजवतात, त्यांनीच."

"तो चहावाला?" बाईंच्या तोंडून निघून गेलं.

६

दुपारी प्रसूतिगृहाच्या बाकावर महादेवराव आणि लहानू शेजारी शेजारी बसले होते. आत भिंतीवर, वाफेच्या डब्याच्या वर, एक जुनी घंटी होती. नुसती घंटी. फोन नाही, बोलायला काही नाही, ऐकायला काही नाही.

"दसरा झाला, लहानूनं घाटोळ्यांचा फोन काढला," मधुकरराव म्हणाले. "तार मात्र नाही काढली, निंबातून पुढं ओढली. काढली असती तर संक्रांतीचा पतंग तिला अडकला नसता. पतंगाला तो भीत नव्हता. चढला असता तर खालून कोणीतरी विचारलं असतं, ही तार जाते कुठं? निंबामागं ही भिंत आहे. रस्त्यानं दोन गल्ल्या, तारेनं एक उडी."

लहानूनं मान खाली घातली.

"वच्छला माही पोरगी," तो म्हणाला. "मागच्या पावसाळ्यात तिचं पोट दुखाले लागलं. मी इकडे धावत आलो, सिस्टर नाल्यापलीकडे गेल्त्या. तिकडे गेलो, तं इकडे आल्या. नातू झाला साहेब, पण सायकलरिक्षात झाला. रिक्षावाला अजून मले पाहिलं का रस्ता बदलते. भंगारात एक घंटी पडून होती. म्हटलं, फोन नाही देता येत, वाजाले तं येते. वस्त्यावस्त्यांतल्या फोनवाल्या पानठेल्यावाल्याले, किराणेवाल्याले सांगून ठेवलं. दोन घंट्या म्हणजे नाल्यापलीकडची वस्ती, तीन म्हणजे बाजाराकडची. उचलाचा प्रश्नच नाही, कोणाले पैसे पडत नाही."

"आणि पाचच्या दोन घंट्या?" महादेवरावांनी विचारलं.

"त्याइनं मले लई पळवलं," जयवंताबाई म्हणाल्या. "पयले आठ-दहा दिवस रोज नाल्यापलीकडे. तिकडे सगळ्या बाया मजेत, मलेच विचारते, सिस्टर आज पुन्हा? मंग ध्यानात आलं, पाचची वेगळी. वाटलं एक्स्चेंजमधलं कोणी घड्याळ मिळवून पाहून राहिलं. तेव्हापासून ती वाजली का मी चहा ठेवते. दिवसभरात मले बसा म्हणणारं तेवढंच एक आहे." त्यांनी पदर पुन्हा खोचला. "मंगळवारी तं वीस-पंचवीस वाजल्या. वीस म्हणजे कोणती वस्ती? मले वाटलं अख्खं नागपूर अडलं."

कोणी हसलं नाही, कारण पुढचा प्रश्न सगळ्यांना माहीत होता. तो बाईंनीच विचारला.

"माहं नाव कटलं ना साहेब?"

मधुकररावांनी उत्तरादाखल डबा उघडला. खिचडी गार झाली होती. दोन घास खाऊन ते म्हणाले, "नियम काय म्हणतो? चोरून फोन घेतला तर नाव कटतं. तुमच्याकडे फोन कुठाय? इथून कोणाशी एक शब्द बोलता आलेला नाही. बोलता येत नाही तो फोन नव्हे. कटणार काही नाही. चूक एक्स्चेंजची. सदतीसला झोपू द्यायचं होतं, दिलं नाही."

महादेवरावांचा चेहरा उतरला. "म्हणजे माहे एकोणऐंशीच. शेकडा गेला कळमेश्वरले."

"महादेवराव, तुम्ही अठरा वर्षं मोजताय, आता नीट मोजा. ऐंशीपर्यंत द्यायची परवानगी आहे. सदतीस झोपलेला, म्हणून दिलेल्यात नाही. मग दिलेले किती?"

"एकोणऐंशी."

"राखीव पंधरांना हात न लावता, बदलीच्या पाचांतून अजून किती देता येतात?"

महादेवराव बोटं मोजणार होते, पण एकच बोट लागलं. ते त्यांनी वर धरलं आणि हळूहळू जयवंताबाईंकडे वळवलं.

"हा ऐंशीवा," मधुकरराव म्हणाले. "दसऱ्यापासून तो देता येत होता. भुतानं जागा अडवून ठेवली होती. लहानूनं घंटी दिली नसती तर तुम्ही एकोणऐंशी मोजले असते आणि बाईंना केव्हाच फोन मिळाला असता."

लहानूनं हे ऐकलं आणि बाकावरून उठून शिडी आणायला गेला.

संध्याकाळपर्यंत खरा फोन बसला. नंबरच्या शेवटी बासष्ट. जुनी घंटी लहानूनं स्वतः काढली, पतंगही काढला. इंदूबाईंनी तो नातवासाठी घडी घालून ठेवला. पतंगाची घडी घालायची नसते हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

साडेचारला मधुकरराव पुन्हा तो जिना चढले. हे काम कोणी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी सगळं सांगितलं. कोनाड्यातली पणती, निंबामागची भिंत, सदतीसला आता खरंच सहा महिने झोपायचं आहे, हे सगळं. रामाजींचा हात टेबलावरच्या फोनवर होता. तो त्यांनी काढून मांडीवर ठेवला.

"म्हणजे वाजत होता तो दुसऱ्याच घरी."

"हो."

"आन ती बाई उचलत नव्हती."

"उचलायला काही नव्हतंच. ती चहा ठेवायची."

पाच वाजले. खालच्या मशीनचा आवाज तेवढा येत होता. रामाजींनी घड्याळाकडे पाहिलं.

"साखर किती टाकते?" त्यांनी विचारलं.

"बेताची. आलं टाकतात."

"नव्या नंबरावर दोन घंट्या दिल्या तं?"

"बाईंना विचारलं मी. म्हणाल्या, दोन म्हणजे नाल्यापलीकडची वस्ती, त्या नाही देता येत. पण पाचचा चहा मी ठेवतेच, म्हणावं याल तर या."

रामाजींनी खाटेखाली पाय घालून चपला शोधल्या.

शनिवारी सदरनं कौलापेठचे ऐंशी पुन्हा फिरवले. ऐंशींनी हॅलो म्हटलं. बासष्टचा हॅलो घाईतला होता, मागं नवं पोर रडत होतं. चौथा शेकडा कौलापेठला मिळाला.

आता कोणाला काय पडलं ते. कळमेश्वरला दोन-तीन वर्षं पडली. महादेवरावांना वाजवून न पाहिल्याबद्दल ताकीद, आणि ती साडूच्याच हस्ताक्षरात. पण वाचली हाताच्या खुर्चीत बसून. भैय्याजींना खरा फोन आला. पहिल्याच दिवशी खऱ्या बंबईनं त्यांचा भाव अमान्य केला, तेव्हा त्यांनी जुन्या फोनची गाठ खणातून काढून प्रेमानं कुरवाळली म्हणतात. लहानूची एका वर्षाची पगारवाढ गेली. त्यानं ती नातवाच्या नावानं खर्ची टाकली आणि विसरला. मधुकररावांची चहाची रीत गेली. गुन्हेगारानं चहा आधी पाजला, निर्दोष बाईनं प्रश्नाच्या मध्ये. बायकोनं हे दोनदा सांगायला लावलं.

चहा जयवंताबाईंच्या नावे.

आणि रामाजींच्या नावे सदर ते कौलापेठ सायकलरिक्षा, जायची आणि यायची, रोजची. अकरा वर्षं एकेका कॉलचे पैसे वाचवलेल्या या माणसानं भाड्यासाठी एकदाही घासाघीस केली नाही, हे लहानू शपथेवर सांगतो. रिक्षावाला तोच होता, लहानूच्या नातवाचा, आणि हे सांगायला तो एकदाचा रस्ता न बदलता थांबला.